रुथवेलचा क्रूस: जागा बदललेल्या दगडावरचा लेख किती मूळ?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. स्कॉटलंडमधील रुथवेलचा कोरीव क्रूस पाडला गेला, त्याचे तुकडे विखुरले, ते पुन्हा जोडले गेले आणि शेवटी क्रूस चर्चच्या आत नेऊन उभा केला गेला. असे असताना त्यावरचा लेख अभ्यासक मूळ कसा मानतात, हा पहिला भाग. तुमच्या वसईकडच्या गावात रस्ता रुंद होत असून लेख असलेला एक जुना दगडी क्रूस, ज्याला जुनी माणसे अजून खुरीस म्हणतात, तो चर्चच्या आवारात हलवायचे घाटत आहे. त्यासाठी रुथवेलचा दाखला देता येईल का, हा दुसरा. शिलालेखांचे ठसे घेणे आणि दगड हलवण्यापूर्वी त्यांची नोंद करून ठेवणे हे माझे गेल्या तीस वर्षांचे काम आहे, आणि रुथवेलला मी एकदा मुद्दाम जाऊन आलो आहे. माझे उत्तर असे की रुथवेलचा लेख मूळ आहे, पण त्या क्रूसाची आजची उभारणी मूळ नाही. हा फरक आज आपल्याला करता येतो, याचे श्रेय दगड जमिनीवर पडलेला असताना त्याची चित्रे काढून ठेवणाऱ्यांकडे जाते. दाखला द्यायचा असेल तर तो या चित्रांसकट द्यावा लागेल.

क्रूस ज्या भागात आहे तो डम्फ्रीसशायर परगणा आज स्कॉटलंडमध्ये असला, तरी आठव्या शतकात, म्हणजे क्रूस घडवला गेला तेव्हा, तो नॉर्थम्ब्रिया या इंग्रजी भाषकांच्या राज्याच्या अमलाखाली होता. सॉल्वे फर्थ या खाडीपासून जवळच रुथवेल हे लहानसे गाव आहे. क्रूसाची उंची सुमारे १८ फूट असून तो वालुकाश्माचा आहे. त्याचा स्तंभ दोन वेगवेगळ्या दगडांचा आहे, खालचा मोठा आणि वरचा लहान, आणि दोघांचा रंगही एक नाही. याच कारणाने खालचा भाग आधी नुसता स्तंभ म्हणून उभा होता आणि क्रूसाचे रूप त्याला मागाहून दिले गेले, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. मला ते पूर्ण पटलेले नाही, कारण मोठ्या लांबीचा एकसंध वालुकाश्म मिळणे कठीण असते आणि आपले मंदिर बांधणारे सूत्रधारही गरजेप्रमाणे दोन खाणींचा दगड वापरत आले आहेत; पण ते मत हसण्यावारी नेण्यासारखेही नाही.

स्तंभाच्या दोन रुंद बाजूंवर माणसांची चित्रे आहेत. एका चौकटीत ख्रिस्त दोन पशूंच्या वर उभा आहे आणि भोवतीच्या लॅटिन लेखात म्हटले आहे की पशूंनी आणि नागांनी वाळवंटात जगाच्या तारणकर्त्याला ओळखले. तिच्याखाली संत पौल आणि संत अँथनी हे दोन वनवासी वाळवंटात भाकर मोडत आहेत. दुसऱ्या बाजूला सुगंधी तेलाची कुपी घेऊन आलेली स्त्री ख्रिस्ताचे पाय आपल्या केसांनी पुसत आहे, आणि तिच्या भोवतीचा लॅटिन मजकूर लूकच्या शुभवर्तमानातला आहे. अरुंद बाजूंवर द्राक्षवेल वर चढत गेली असून तिच्या फांद्यांत पक्षी आणि प्राणी फळे खात बसले आहेत. या वेलीच्या दोन्ही कडांच्या अरुंद पट्ट्यांत रून या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीच्या अक्षरांत एक जुना इंग्रजी मजकूर कोरला आहे. क्रूसाची कीर्ती झाली ती याच मजकुरामुळे.

रून ही लिपी सरळ रेषांची असते. रुथवेलच्या कोरणाऱ्याने ती उभ्या पट्टीत आडव्या ओळींनी कोरली आहे, आणि पट्टी इतकी अरुंद की एका ओळीत जेमतेम दोन ते चार अक्षरे बसतात. शब्द मध्येच तुटतो, पुढची दोन अक्षरे खालच्या ओळीत जातात, त्याच्या खाली आणखी तीन. वाचणाऱ्याला जिन्याच्या पायऱ्या उतरल्यासारखे खाली खाली यावे लागते. ही मांडणी इतकी अडचणीची आहे की रून अक्षरे वेलीच्या नक्षीनंतर केव्हातरी कोरली असावीत, असे काही जाणकारांचे म्हणणे आहे. क्रूस आधीच उभा असेल, तर शिडीवर बसलेल्या माणसाला आडवी अक्षरे कोरणे सोपे, हे कोणीही पाथरवट मान्य करील. पण कोरणारा अडाणी मात्र नव्हता. क आणि ग या ध्वनींच्या वेगवेगळ्या उच्चारांसाठी त्याने वेगवेगळी अक्षरे वापरली आहेत आणि हा नियम त्याने काटेकोरपणे पाळला आहे.

झिजलेल्या रूनांमध्ये चूक कशी होते, याचे एक उदाहरण. या लिपीत ‘थ’च्या ध्वनीचे आणि ‘व’च्या ध्वनीचे अक्षर जवळजवळ सारखे दिसते. दोन्हींत एक उभा दांडा आणि त्याला चिकटलेला एक कोनदार फुगवटा असतो. ‘थ’चा फुगवटा दांड्याच्या मध्यावर आणि ‘व’चा अगदी टोकाला. दांड्याचे टोक झिजले की मध्यावरचा फुगवटा टोकावर असल्यासारखा भासतो. ज्यांनी शिरोरेषा गेलेल्या नागरी लेखात घ की ध, भ की म असा घोळ घातला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. रुथवेलच्या चर्चमध्ये मी एका ठिकाणी विजेरी समोर धरली तेव्हा मला काहीच दिसले नाही. तीच विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने धरली, तेव्हा सावलीत फुगवट्याची खालची कड उठून आली आणि अक्षर ‘थ’ असल्याचे कळले. तिरपा प्रकाश हे आमच्या धंद्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचे हत्यार आहे.

आता पाडापाडीकडे वळू. स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट चर्चच्या महासभेने १६४० मध्ये मूर्तिपूजेची स्मारके नष्ट करण्याचा ठराव केला आणि १६४२ मध्ये रुथवेलच्या क्रूसाची पाळी आली. त्याचा चुरा मात्र केला गेला नाही. तो पाडून त्याचे तुकडे केले गेले आणि मोठे तुकडे चर्चच्या आतच जमिनीवर पडून राहिले; लोक त्यांच्यावर बसत असत. आदेश पाळला गेला आणि दगडही वाचला, असे हे काम झाले. मूर्तिभंजनाच्या गोष्टींत आपण नेहमी घाव मोजतो, पण इथे पडून राहण्याचाही फायदा झाला: पुढची सव्वाशे-दीडशे वर्षे हे दगड छपराखाली होते आणि पाऊस व हिवाळ्यातले गोठणे त्यांना लागले नाही. वालुकाश्माचा शत्रू हातोड्यापेक्षा पाणी अधिक असते. ते कणांमधल्या पोकळ्यांत शिरते, थंडीत गोठून फुगते आणि पृष्ठभागाचा पापुद्रा सोडवते, आणि अक्षर असते ते नेमके त्या पापुद्र्यावर.

याच काळात चार-पाच जिज्ञासू माणसांनी दगड पाहून ठेवले. कार्लाइलचे पुढे बिशप झालेले विल्यम निकोलसन यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस रून अक्षरांची नक्कल केली आणि ती जॉर्ज हिक्स यांच्या ग्रंथात १७०३ च्या सुमारास छापली गेली. अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७२६ मध्ये चित्रे छापली. ॲडम द कार्डोनेल यांची अधिक काळजीपूर्वक केलेली चित्रे १७८९ मध्ये प्रसिद्ध झाली. यांपैकी कोणालाही तो मजकूर वाचता येत नव्हता. माझ्या मते नक्कल करणाऱ्याचे न वाचणे हे कधी कधी वरदान ठरते, कारण ज्याला अर्थ कळत नाही तो दिसते तेवढेच काढतो. ज्याला अर्थ कळतो तो पुसलेली रेघ नकळत पुरी करतो. आज दगडावर नसलेली काही अक्षरे आपल्याला या चित्रांमुळेच माहीत आहेत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चची जमीन नव्याने केली गेली तेव्हा दगड बाहेर कबरस्तानात आले. क्रूसाला पहिला मोठा धोका झाला तो या स्थलांतराने. त्यामागे कसला द्वेष नव्हता. अडचण होती म्हणून दगड बाहेर काढले. तुमच्या गावाच्या संदर्भात ही गोष्ट ध्यानात असू द्या.

१७९९ मध्ये हेन्री डंकन हे तरुण पाळक रुथवेलला आले. १८१० मध्ये गरिबांसाठी बचत बँक काढणारे म्हणून त्यांचे नाव अर्थशास्त्राच्या इतिहासात येते. तसेच जवळच्या खाणीतल्या लाल वालुकाश्मावर प्राचीन प्राण्यांची पावले उमटलेली आहेत, हे १८२८ मध्ये विद्वानांपुढे मांडणारेही तेच. दगडावरच्या खुणा पाहण्याची नजर त्यांच्यापाशी होती. १८०२ मध्ये त्यांनी क्रूसाचे तुकडे आपल्या निवासाच्या बागेत आणून ठेवले. एका तुकड्याची हकीकत त्यांनीच नोंदवली आहे: एक गरीब नवरा-बायको एक-दोन दिवसांच्या अंतराने वारले, दोघांना एकाच कबरीत पुरायचे म्हणून नेहमीपेक्षा खोल खणावे लागले, आणि त्या खोल खड्ड्यात वरच्या भागाचा एक कोरीव तुकडा हाती लागला. नेहमीच्या खोलीची कबर खणली असती, तर तो अजून तिथेच असता.

१८२३ मध्ये डंकन यांनी स्थानिक पाथरवटाच्या मदतीने क्रूस बागेत उभा केला. हे काम किती अवघड होते हे ज्याने टनभर वजनाचा तडकलेला दगड उभा केला आहे त्यालाच कळेल, म्हणून मी त्यांच्यावर टीका करताना हात आखडता घेतो. पण टीका करायला हवी. आडव्या भुजा सापडल्या नव्हत्या. त्या त्यांनी स्वतःच्या कल्पनेने नव्या करून घेतल्या. आज क्रूसाचे छायाचित्र पाहणाऱ्याला जो ‘क्रूसाचा आकार’ दिसतो, तो आडव्या भुजांपुरता आठव्या शतकाचा नसून एकोणिसाव्या शतकातल्या एका सज्जन पाळकाचा आहे. अगदी टोकाचा जुना दगड त्यांनी बसवला तो उलट्या तोंडाने, त्यामुळे ज्या चित्राने एका बाजूला पाहायला हवे ते दुसऱ्या बाजूला पाहू लागले. तुकड्यांमधल्या फटी गिलाव्याने भरल्या गेल्या आणि फुटीच्या काठावरची अक्षरे कायमची दिसेनाशी झाली. या चुका शोधणे शक्य झाले याचे एकच कारण म्हणजे जुनी चित्रे. डंकन यांनी स्वतःही क्रूसाचे वर्णन लिहून प्रसिद्ध केले, हे त्यांचे मोठेपण. आपण काय घातले आणि काय जुने होते, हे लपवण्याचा त्यांचा हेतू नव्हता.

लेखाच्या वाचनाची कथा याच सुमारास रंगते. १८३० च्या दशकात थॉर्लेफ गुडमुंडसन रेप या आइसलँडच्या विद्वानाने रूनांचा अर्थ लावला. मजकूर आपल्या जुन्या नॉर्स भाषेच्या जवळचा असणार असे गृहीत धरून त्याने त्यात एका बाप्तिस्म्याच्या पात्राचे दान, काही नुकसानीची भरपाई आणि ‘थेरफुसियन’ धर्मगुरू नावाचा एक संप्रदायच शोधून काढला. असा संप्रदाय जगात कधी नव्हता. मूळ मजकुरात ‘थेर’ म्हणजे ‘तेथे’ आणि ‘फुसे’ म्हणजे ‘उत्सुक असलेले’ असे दोन साधे इंग्रजी शब्द आहेत; शब्द कुठे तुटतो हे न कळल्याने ते एकत्र झाले आणि त्यांतून धर्मगुरू जन्माला आले. सोलापूरजवळच्या हत्तरसंग-कुडलच्या शके ९४० च्या लेखात जो वाचील तो विजयी होवो असा आशीर्वाद आहे. रेप यांच्या वाट्याला तो आला नाही. तरीही त्यांना हसताना मी जपून हसतो, कारण शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या लेखात असले धर्मगुरू मीही एकदा-दोनदा जन्माला घातले आहेत.

१८४० मध्ये जॉन मिचेल केंबल या इंग्रज भाषाभ्यासकाने दाखवले की मजकूर जुन्या इंग्रजीच्या नॉर्थम्ब्रियन बोलीत आहे, तो पद्य आहे आणि त्यात ज्या लाकडी क्रूसावर ख्रिस्ताला खिळले तो क्रूसच बोलतो आहे. उत्तर इटलीतल्या व्हेर्चेल्ली येथील चर्चच्या ग्रंथालयात १८२२ मध्ये दहाव्या शतकातले एक जुन्या इंग्रजीतले हस्तलिखित सापडले होते. केंबल यांनी त्यातल्या कविता नंतर पाहिल्या तेव्हा ‘द ड्रीम ऑफ द रूड’, म्हणजे ‘क्रूसाचे स्वप्न’, या कवितेत रुथवेलच्या ओळी जवळजवळ तशाच आढळल्या, आणि त्यांचे दगडावरचे वाचन बरोबर ठरले. दगड स्कॉटलंडच्या एका बागेत, पोथी इटलीत, आणि दोघांत दोन शतकांचे अंतर. एका ठिकाणी रून स्वच्छ वाचता येतात: ‘क्रिस्ट वेस ऑन रोडी’, ख्रिस्त क्रूसावर होता. दुसऱ्या ठिकाणी क्रूस म्हणतो की मी समर्थ राजाला, स्वर्गाच्या स्वामीला उचलून धरले, वाकण्याचे धाडस मला झाले नाही. बाणांनी घायाळ झाल्याचा उल्लेख आहे, लोकांनी आम्हा दोघांचीही विटंबना केली असे वाक्य आहे. उभ्या दगडी क्रूसाने प्रथमपुरुषी बोलावे ही कल्पना ज्याने केली, त्याला क्रूस उभा असणे किती महत्त्वाचे वाटत असेल याचा विचार केला म्हणजे डंकन यांच्या खटाटोपाचे मोल कळते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. लेख मूळ ठरतो तो दगडाच्या जागेवरून नव्हे. अक्षरांचे वळण, भाषेचे रूप, कोरण्याची पद्धत, पडझडीच्या आधी आणि नंतर केलेल्या नकला, आणि या प्रकरणात एक स्वतंत्र हस्तलिखित, यांची साक्ष एकमेकांशी जुळली की मूळपणाबद्दल शंका उरत नाही. उलट जिथे असा मेळ नव्हता तिथे काय झाले तेही पाहा. टोकाच्या भागावर काही पुसट रून आहेत. कोपनहेगनचे जॉर्ज स्टीफन्स यांनी १८६० च्या दशकात त्यांत ‘कॅडमनने मला घडवले’ असे वाचले आणि इंग्रजीच्या आद्य कवीलाच या कवितेचे कर्तृत्व देऊन टाकले. ते वाचन आज कोणी मानत नाही. ज्या अक्षरांना जुन्या नकलेचा आधार नव्हता, तिथेच नेमके हवे ते दिसले.

१८८७ मध्ये शेवटचे स्थलांतर झाले. बागेत साठ-पासष्ट वर्षे उभा राहिलेल्या क्रूसावर पावसाने आणि दगडफुलाने आपले काम सुरू केले होते, म्हणून तेव्हाचे पाळक जेम्स मॅकफार्लन यांनी पुढाकार घेऊन चर्चला एक अर्धवर्तुळाकार दालन जोडून घेतले आणि क्रूस त्यात आणला. क्रूस छपराखाली मावेना, म्हणून जमिनीत सुमारे चार फूट खोल खड्डा करून त्यात त्याचे बूड बसवले. आज पाहणारा खड्ड्याच्या काठावर उभा राहतो आणि क्रूसाचा मधला भाग त्याच्या डोळ्यांसमोर येतो. अभ्यासकाला ही सोय आहे, पण आठव्या शतकातल्या माणसाने क्रूस असा कधीच पाहिला नव्हता. तो मान वर करून पाहत असे आणि सर्वांत खालची, आता अतिशय झिजलेली, क्रूसारोहणाची चौकट त्याच्या गुडघ्यापाशी येत असे.

आणखी एक बदल झाला, आणि त्याने पुढच्या लेखनात बराच गोंधळ घातला. आज रुंद बाजू उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे आहेत. मुळात त्या पश्चिमेला आणि पूर्वेला असाव्यात असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे एका लेखात ‘उत्तर बाजू’ म्हटलेली चौकट दुसऱ्या लेखात ‘पश्चिम बाजू’ म्हणून येते. मी पहिल्यांदा वाचले तेव्हा या चौकटी वेगवेगळ्या आहेत असे समजून दोन तास वाया घालवले होते. दिशेचा प्रश्न क्षुल्लक नाही. सकाळचे ऊन कोणत्या चित्रावर पडत होते, संध्याकाळी वेलीची सावली अक्षरांवर कशी सरकत होती, हे क्रूस घडवणाऱ्याच्या मनात असणार, आणि आत आणल्यावर ते सगळे गेले.

मग आत नेणे चुकले का? याचे उत्तर देण्यासाठी सीमेपलीकडे कम्ब्रियातल्या बूकॅसलला जावे लागते. तिथे याच घराण्यातला, त्याच सुमाराचा दुसरा क्रूस चर्चच्या आवारात आपल्या मूळ बैठकीत आजही उभा आहे. त्याचे शीर्ष हरवले आहे, पण स्तंभ जागचा हललेला नाही. त्याच्या दक्षिण बाजूवर सूर्यघड्याळ कोरलेले आहे आणि ते योग्य दिशेला आहे, कारण दगड हललाच नाही. पण त्याच्या पश्चिम बाजूवरचा मोठा रूनी लेख, ज्यात क्रूस कोणाच्या स्मरणार्थ उभारला हे बहुधा लिहिले होते, तो बहुतांशी वाचता येत नाही. वर ख्रिस्ताचे नाव लागते, उत्तरेकडे एका स्त्रीचे, किनबुर्गचे, नाव लागते आणि बाकी सगळा वाद. बूकॅसलने जागा राखली आणि लेख गमावला. रुथवेलने जागा गमावली आणि लेख राखला. दोन्ही हवे असतात, पण निवडच करायची झाली तर मी लेखाच्या बाजूने कौल देईन, कारण जागेची नोंद कागदावर करता येते, पापुद्रा निघून गेलेले अक्षर परत आणता येत नाही.

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ च्या सुमारास पोर्तुगीजांना बांधकाम करताना जमिनीत एक दगडी क्रूस सापडला आणि त्यांनी तो चर्चच्या वेदीवर बसवला. त्याच्या कमानीभोवती पहलवी या जुन्या इराणी लिपीत एक लेख आहे. हाच मजकूर केरळमध्ये कोट्टयम, कडमट्टम, मुट्टुचिरा इथल्या क्रूसांवरही आहे. आर्थर बर्नेल यांनी १८७३ मध्ये या लेखांवर लिहिले. कान्हेरीच्या लेण्यातले पारशी प्रवाशांचे पहलवी लेख वाचणारे ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी आणि मुंबईच्या जीवनजी जमशेदजी मोदी यांनीही त्यांवर डोके चालवले. प्रभू ख्रिस्ताने अमक्यावर दया करावी अशी ती प्रार्थना आहे, इतपत आता बहुतेकांना मान्य आहे, पण त्या अमक्याचे नाव एकाने अफ्रास वाचले तर दुसऱ्याने साब्रिशो. गोव्यात झुआरीकाठी आगशीजवळ २००१ मध्ये फादर कॉस्मे जोझे कोश्ता यांना पहलवी लेख असलेला एक क्रूस मिळाला, तेव्हा या कुटुंबाची हद्द कोकण किनाऱ्यापर्यंत आली. हे दगड पहिल्याने कुठे उभे होते हे दगडावरून कळत नाही. मजकूर कळतो तो एकाच लेखाच्या अनेक प्रती शेजारी ठेवता येतात म्हणून. रुथवेलला जे काम व्हेर्चेल्लीच्या पोथीने केले, ते इथे बहिणीभावंडांनी केले.

आता तुमच्या क्रूसाकडे. रस्ता टळत नसेल तर तो हलवायला माझी हरकत नाही, मात्र पहार लागण्यापूर्वी काही गोष्टी व्हायला हव्यात. लेखात रंग भरला असेल, आणि आपल्याकडे तो हमखास भरलेला असतो, तर तो खरवडू नका. ऑइल पेंट भरणारा माणूस स्वतःच्या समजुतीप्रमाणे अक्षर वळवतो, आणि खरवडणारा उरलीसुरली मूळ कडही काढून टाकतो. आहे त्या स्थितीत चारही बाजूंची छायाचित्रे घ्या, आणि एकदा रात्री विजेरी चारही बाजूंनी तिरपी धरून घ्या. पोर्तुगीज लेखांत शब्द आखूड करून वर लहान अक्षर काढायची रीत असते आणि ती बारीक अक्षरे दिवसा दिसत नाहीत. ठसा जाणकाराकडून घ्या, कारण ओला कागद ब्रशने ठोकताना सुटलेला पापुद्रा कागदाबरोबर येतो. क्रूस कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते होकायंत्राने पाहून लिहा, चौथऱ्याची उंची आणि रस्त्यापासूनचे अंतर मोजा. चौथरा फोडताना आत नाणे, हाड, जुन्या लेखाचा तुकडा असे काही निघाले तर ते गोळा करून बाजूला ठेवू नका, कुठल्या थरात निघाले ते आधी टिपा.

नव्या जागी बसवताना सिमेंट वापरू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक असते. ओल त्यातून बाहेर पडत नाही, ती दगडात चढते आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत लोणा धरून अक्षरे पिठासारखी झडू लागतात. चुन्याचाच सांधा करा. एखादी भुजा तुटलेली असेल आणि नवी बसवणारच असाल, तर ती वेगळ्या छटेच्या दगडाची करा आणि तिच्यावर नक्षी काढू नका. तोंड पूर्वीच्याच दिशेला ठेवा. ते शक्य नसेल, तर पूर्वीची दिशा, पूर्वीची जागा आणि हलवल्याची तारीख चौथऱ्याच्या मागच्या अंगाला एका लहान दगडावर मराठीत कोरून बसवा. धातूची पाटी लावू नका, ती चोरीला जाते. छायाचित्रांची आणि मोजमापांची एक प्रत चर्चच्या नोंदवहीत आणि एक पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयात द्या. लेखाचा मजकूर मला पाठवलात तर वाचून कळवीन. फक्त कोणी आधी वाचून दिलेला पाठवू नका, छायाचित्र पाठवा.